बारा पानांवर नोटीस चढली!

प्रश्न: सोसायटीच्या सभेचं बारा पानी इतिवृत्त वर्डमध्ये होतं. त्याच फाइलमध्ये सगळं पुसून नवी नोटीस टाइप केली आणि सवयीनं सेव्ह दाबलं. परत मिळेल? – निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा

उत्तर: बाई, फाइल अजून उघडी असेल तर बंद करू नका! सेव्ह केल्यावरही कंट्रोल-झेड (केलेलं मागे घेणारी कळ) चालतं. दाबत राहा, पानं आली की वेगळ्या नावानं ठेवा. बंद केली असेल आणि ती वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) असेल, तर राइट क्लिक करून 'व्हर्जन हिस्टरी' बघा; वैयक्तिक खात्यात मागच्या 25 आवृत्त्या मिळतात. नुसती डी ड्राइव्हवर असेल तर प्रॉपर्टीजमधलं 'प्रीव्हियस व्हर्जन्स'. पण बॅकअप आधीपासून चालू नसेल तर तिथं शुकशुकाट. आणि हो, सेक्रेटरींना मेल केली होती का? माझा अख्खा लेख एकदा 'सेंट'मध्येच सापडला होता.