डोळा धूसर, कान शार्प

प्रश्न : निकॉन डी७५०० ला ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे. फोकस डोळ्यावर धरूनही कानच शार्प येतो. लेन्स बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. हा बहुधा बॅक फोकस आहे, म्हणजे फोकस धरलेल्या जागेच्या थोडा मागे पडतो. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून अडीच मीटरवर भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) पूर्ण उघडे म्हणजे एफ/१.८, मधला फोकस पॉइंट, सेल्फ-टायमर. एक फोटो व्ह्यूफाइंडरने फोकस करून, एक लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून. दर वेळी आधी लेन्सची फोकस रिंग अनंतावर फिरवा. चाचणी दिवसाउजेडीच करा, पिवळ्या दिव्याखाली फोकस चकतो. लाइव्ह व्ह्यूचा फोटो सरस आला, तर सेटअप मेनूत ‘एएफ फाइन-ट्यून’ (ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती) उणे ५ ठेवून पुन्हा पाहा. उणे आकडा फोकस कॅमेऱ्याकडे ओढतो. दोन्ही फोटो एफ/४ वरही धूसर, तर मात्र लेन्स सर्व्हिसला द्या.