बिस्किट पोर्सेलीन, आणि त्यातली कवडी

प्रश्न आला आहे: ‘फ्रान्समधल्या सेव्र कारखान्याच्या पांढऱ्या पुतळ्यांना बिस्किट पोर्सेलीन म्हणतात, म्हणजे ते कच्चे, अर्धवट भाजलेले असते का? मराठीत काय म्हणावे?’

कच्चे मुळीच नाही! जुन्या वस्तू विकणारेही हे छातीठोकपणे सांगतात, तेव्हा संताप येतो. बिस्किट म्हणजे झिलई (वरचा काचेसारखा थर) न दिलेले, पण पुरते भाजलेले पोर्सेलीन. झिलई नसल्याने डाग झाकता येत नाही, म्हणून माती उलट जास्त निर्मळ लागते. ‘बिस्किट’चा लॅटिनमधला ‘दोनदा भाजलेले’ हा अर्थ कुठल्याही कोशात सापडेल.

खरी मौज ‘पोर्सेलीन’मध्ये आहे. इटालियन ‘पोर्चेल्लाना’ म्हणजे कवडी! मार्को पोलोच्या वृत्तान्तात कवडीला आणि चिनी भांड्यांना हाच शब्द आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या इंग्रजी कोशात मात्र फ्रेंच ‘पूर साँ आने’, म्हणजे ‘शंभर वर्षांसाठी’, ही व्युत्पत्ती नोंदवली. माती शंभर वर्षे जमिनीत मुरते, अशी समजूत होती म्हणे. एवढ्या मोठ्या कोशकाराने या भाकडकथेला थारा द्यायला नको होता. दुसरे पंडित ‘पोर्चेल्ला’ म्हणजे डुकरीण, यावरच अडून बसतात आणि कवडीच्या आकाराचा कीस पाडतात. कवडीला नाव आकारावरून पडले असेल. भांड्यांना ते तकाकीवरूनच मिळाले, असे माझे ठाम मत आहे. मराठी माणसाला हे चटकन पटावे. घट्ट दह्यात डाव घातला की पांढरीशुभ्र, गुळगुळीत, चकाकती कवडी निघते. तिला आपण दुसरे काही म्हणतो का? इंग्रजी ‘काउरी’ही भारतातूनच गेला. मूळ संस्कृत ‘कपर्द’.

आणि जिच्यावरून नाव पडले ती तकाकीच सेव्रने काढून टाकली! हर्क्युलेनियम आणि पाँपेई या गाडल्या गेलेल्या रोमन नगरांच्या उत्खननांनंतर युरोपला प्राचीन संगमरवराचे वेड लागले. १७५७मध्ये सेव्रच्या शिल्पविभागाची सूत्रे घेणारा शिल्पकार फाल्कोने स्वतः संगमरवरात काम करणारा. पुढे त्याच जागी आलेल्या शिल्पकार ब्वाझोने ग्रीक-रोमन देवतांची रांगच लावली. हात, पाय, डोके वेगवेगळ्या साच्यांतून काढायचे, पातळ मातीने जोडायचे आणि प्रत्येक सांधा हाताने कोरून साफ करायचा. भाजताना मूर्ती आक्रसते, त्याचाही हिशेब आधीच धरायचा. एवढ्या मेहनतीने उठवलेल्या केसांच्या बटा आणि वस्त्रांच्या चुण्या झिलईने बुजल्या असत्या.

मराठीत ‘बिनझिलईचे पोर्सेलीन’ म्हणा, नाहीतर सरळ ‘बिस्किट’. ‘कच्चे’ तेवढे म्हणू नका.