कारखान्यातील आकड्यांचा कारभार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. कारखान्यातील यंत्रे, पॅनेल, पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) आणि स्काडा (सर्व यंत्रांवर पडद्यावरून नजर ठेवणारी संगणकप्रणाली) यांतून दिवसरात्र जी माहिती बाहेर पडते ती नीट कशी जपावी आणि तिच्यावर हक्क व जबाबदारी कोणाची असावी, हा तो विषय. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमचा पीव्हीसी पाइपचा कारखाना आहे. तीन वेगवेगळ्या पुरवठादारांचे मिळून सहा एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून पाइप बाहेर ढकलणारी यंत्रे) आहेत. काही यंत्रांची माहिती पॅनेलवरच राहते, काहींची पेन ड्राइव्हने काढून एक्सेलमध्ये घेतो आणि उरलेली शिफ्ट इनचार्ज वहीत लिहितात. सर्व माहिती क्लाउडवर नेऊन तिचे एआयने विश्लेषण करण्याचा प्रस्ताव एका सल्लागाराने दिला आहे. सुरुवात कोठून करावी? — एक उद्योजक, जळगाव

उत्तर : सुरुवात यादीपासून करावी. सहाही यंत्रांवर जो जो आकडा मोजला जातो त्याला एक टॅग असतो; अशा प्रत्येक टॅगची एका वहीत किंवा एक्सेलमध्ये ओळ करा. त्या ओळीत टॅगचे नाव, तो कोणत्या यंत्रावर कोठे बसलेल्या सेन्सरचा आहे, एकक काय, सेन्सरची मोजमापाची मर्यादा किती, शेवटचे कॅलिब्रेशन कधी झाले, आणि या आकड्याबद्दल उत्तर देणारा माणूस कोण, एवढे लिहा. हे काम कंटाळवाणे आहे आणि सहा यंत्रांसाठी दोन-तीन आठवडे सहज जातील, पण ते बाहेरच्या माणसाला देऊ नये. तुमचा मेंटेनन्सचा माणूस आणि जुना ऑपरेटर या दोघांनी प्रत्येक यंत्रापाशी उभे राहून ते करावे, कारण पॅनेलवर ‘झोन ३’ लिहिलेली वायर प्रत्यक्षात चौथ्या हिटरवर गेलेली आहे, हे त्यांनाच ठाऊक असते.

नावांचा घोळ सर्वांत आधी दिसेल. एका यंत्रावर बॅरलचे, म्हणजे प्लास्टिक तापवणाऱ्या नळकांड्याचे, झोन हॉपरकडून (माल आत पडतो तिकडून) मोजलेले असतील, दुसऱ्यावर डायकडून (पाइप बाहेर पडतो तिकडून). एकाचा दाब बारमध्ये असेल, दुसऱ्याचा किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. हे दोन आकडे इतके जवळचे असतात की चूक वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

याचे मूळ यंत्रांच्या भाषेत आहे. आपल्याकडील बहुतेक जुनी पॅनेल मॉडबस या निरोप पाठवण्याच्या पद्धतीने बोलतात. मॉडिकॉन कंपनीने ती पद्धत १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी आणली. तिच्या निरोपात फक्त रजिस्टरचा, म्हणजे पीएलसीच्या स्मृतीतल्या कप्प्याचा, क्रमांक आणि १६ बिटांचा आकडा जातो. एकक, वेळ आणि आकडा भरवशाचा आहे की नाही, यांपैकी काहीही जात नाही. दशांशातला आकडा सहसा दोन रजिस्टरांत विभागलेला असतो आणि कोणते आधी वाचायचे हे प्रत्येक उत्पादक आपापल्या मर्जीने ठरवतो. क्रम चुकला की १८५ अंशांच्या जागी भलताच आकडा उमटतो. ओपीसी यूएसारख्या नव्या पद्धतीत आकड्याबरोबर वेळ आणि त्याची प्रतही, म्हणजे तो किती भरवशाचा आहे हेही, जाते. पण तुमची जुनी यंत्रे ती बोलत नसतील, तर हे सगळे मध्ये बसवलेल्या गेटवेत (दोन पद्धतींमधल्या दुभाष्या उपकरणात) भरावे लागते, आणि ते भरायला आधी वर सांगितलेली यादी हवी.

प्रत म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. मागे एका कारखान्यात मेल्ट प्रेशरचा (वितळलेल्या प्लास्टिकच्या दाबाचा) सेन्सर ० ते ४०० बारचा होता आणि त्याचा संकेत ४ ते २० मिलिअँपिअरचा. या पद्धतीत शून्य दाबालाही ४ मिलिअँपिअर वाहतात, ते मुद्दाम. प्रवाहच थांबला तर वायर तुटली हे कळावे म्हणून. उंदराने वायर कुरतडली, प्रवाह शून्य झाला आणि संगणकाने सरळ गणित करून उणे १०० बार अशी नोंद केली. ऑपरेटरने ते पाहिले आणि हसून सोडून दिले, कारण उणे १०० बार दाब असूच शकत नाही हे त्याला समजत होते. महिनाअखेरच्या अहवालाला ते समजत नव्हते. त्याने ते सगळे उणे आकडे सरासरीत धरले आणि ‘या यंत्रावर दाब कमी पडतो’ असा निष्कर्ष छापला. त्यावरून स्क्रू बदलण्याचा खर्चही मंजूर होण्याच्या बेतात होता. ‘४ च्या खाली संकेत आला तर आकडा बाद समजावा’ एवढा एक नियम टॅगच्या ओळीत असता तर हे टळले असते. एआय याच आकड्यांवर शिकणार आहे, हे सल्लागाराशी बोलताना लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट वेळेची. तिन्ही पुरवठादारांच्या पॅनेलवरची घड्याळे आज एकाच क्षणी पाहा. त्यांत काही मिनिटांचा फरक सापडण्याची शक्यता दाट आहे. जुन्या पीएलसीची बॅटरी संपली असेल तर वीज जाऊन आली की घड्याळ भलत्याच वर्षावर जाऊन बसते. व्हॅक्यूम टाकीतला दाब आधी पडला की हॉल-ऑफचा (पाइप ओढून घेणाऱ्या यंत्राचा) वेग आधी बदलला, हे घड्याळे जुळल्याशिवाय सांगता येत नाही, आणि पाइपची जाडी का बदलली याचे उत्तर नेमके त्याच क्रमात असते. कारखान्यात एकच वेळ-सर्व्हर ठेवा आणि सर्व यंत्रे त्याला जोडा.

साठवणीची चिंता मात्र फार करू नका. २०० टॅग दर सेकंदाला नोंदवले तर दिवसाला १ कोटी ७२ लाख ८० हजार नोंदी होतात; एका नोंदीला १६ बाइट धरले तरी वर्षाचे साधारण १०० जीबी होतात, आणि तेवढे साध्या हार्ड डिस्कवर मावते. शिवाय बॅरलचे तापमान सेकंदासेकंदाला बदलत नाही. अर्ध्या अंशाचा फरक पडला तरच नोंद करावी, असा डेडबँड लावला तर आकार पुष्कळ घटतो. क्लाउडचा निर्णय सहा महिन्यांनी घेतला तरी काही बिघडत नाही. घ्याल तेव्हा माहिती यंत्राकडून बाहेर जाईल, बाहेरून यंत्राकडे हुकूम येणार नाही, अशीच जोडणी करा. इंटरनेट बंद पडल्यामुळे हिटरवरचा ताबा सुटणे तुम्हाला परवडणार नाही. पीव्हीसी बॅरलमध्ये तापत राहिले की ते जळते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.

प्रश्न : धुळ्यात आमची तेलगिरणी आहे. रिफायनरीचे स्काडा ज्यांनी बसवले ते बिघाड झाला की दुरून संगणकात शिरून दुरुस्ती करतात. सोयीचे आहे, पण मागील दोन वर्षांच्या नोंदी मागितल्या तर ‘फाइल आमच्या सॉफ्टवेअरमध्येच उघडते’ असे उत्तर मिळाले. या नोंदी कोणाच्या? — एक भागीदार, धुळे

उत्तर : यंत्र तुमचे, कच्चा माल तुमचा, वीज तुमची; नोंदीही तुमच्याच असायला हव्यात. परंतु करारात तसे लिहिलेले नसेल तर वाद घालत बसावे लागते, आणि चालू हंगामात त्याला वेळ नसतो. वार्षिक देखभालीच्या कराराच्या पुढील नूतनीकरणात तीन वाक्ये घाला : सर्व नोंदी मालकाच्या आहेत, त्या सीएसव्हीसारख्या खुल्या स्वरूपात मागितल्यावर मिळतील, आणि पीएलसीच्या प्रोग्रॅमची ताजी प्रत व पासवर्ड मालकाकडे राहतील. तिसऱ्या वाक्याला पुरवठादार विरोध करतील. तरीही ते सोडू नका. उद्या तो पुरवठादार धंदा बंद करून गेला, तर डिओडोरायझरचा (तेलातला वास काढणाऱ्या यंत्राचा) एक सेटपॉइंट, म्हणजे ठरवून दिलेला आकडा, बदलायलाही तुम्हाला माणूस मिळणार नाही.

दुरून शिरण्याची वाट मला जास्त काळजीची वाटते. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी बंद पडली, ती एका जुन्या, वापरात नसलेल्या दूरप्रवेश खात्यामुळे. त्याचा पासवर्ड फुटलेला होता आणि दुसरी कोणतीही पडताळणी नव्हती. हल्ला कार्यालयीन संगणकांवर झाला होता. पाइपलाइन कंपनीने खबरदारी म्हणून स्वतः थांबवली, तरी पूर्वेकडच्या राज्यांत पंपांवर रांगा लागल्या. तुमच्याकडे असे खाते कोणाच्या नावाने आहे, तो माणूस अजून त्या कंपनीत आहे का, हे आजच विचारा. खाते एरवी बंद असावे, फोन आल्यावर तुमच्या माणसाने उघडावे, काम संपताच बंद करावे, आणि कोण केव्हा शिरला आणि काय बदलले याची ओळ वहीत पडावी. स्काडाचे जाळे आणि बिले करणाऱ्या संगणकांचे जाळे वेगळे करून मध्ये फायरवॉल ठेवणे हा आयईसी ६२४४३ या औद्योगिक सायबर सुरक्षेच्या मानकाचाही गाभा आहे.

याला कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश कंपन्यांना लागू आहेत. त्यांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि कळवायच्या घटनांच्या यादीत स्काडावरील हल्ल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रणालीचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात, घड्याळेही ठरावीक सरकारी वेळेशी जुळवावी लागतात. त्या ६ तासांत फोन कोणी करायचा, हे आधी ठरवून भिंतीवर लावा.

प्रश्न : रावेर तालुक्यात केळी पिकवण्याचे आमचे चार कक्ष आहेत. दर मिनिटाला तापमानाची नोंद होते. संगणक भरत आला म्हणून पुरवठादार म्हणतो, जुन्या नोंदी पुसून फक्त दिवसाची सरासरी ठेवा. चालेल का? — एक कक्षचालक, रावेर

उत्तर : चालणार नाही. समजा कक्ष १७ अंशांवर आहे आणि कॉम्प्रेसर ट्रिप झाल्याने ४० मिनिटे तापमान २४ अंशांवर गेले. दिवसाची सरासरी १७.२ येईल आणि सगळे सुरळीत दिसेल. व्यापाऱ्याने माल मऊ पडल्याची तक्रार केली तर तुमच्या हातात काहीच नसेल. सरासरीसोबत प्रत्येक तासाचे किमान आणि कमाल ठेवा, आणि ते लॉट क्रमांकाशी जोडा. मिनिटांच्या नोंदी त्या लॉटचा हिशेब मिटेपर्यंत पुसू नका. मी स्वतः वर्षभर ठेवल्या असत्या. फळ पिकवणाऱ्या इथिलिन वायूची नोंद मात्र वेगळी आणि अधिक काळ ठेवावी, कारण अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंतच परवानगी दिली आहे आणि ती मर्यादा पाळल्याचा पुरावा तुमच्याकडेच मागितला जाईल.

प्रश्न : मी शिरपूर परिसरातील एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर (सूत कातण्याच्या यंत्रावर) काम करतो. आता प्रत्येक यंत्र किती मिनिटे थांबले ते कामगाराच्या नावासह मोठ्या पडद्यावर दिसते, आणि बोनस त्यावरून ठरतो. थांबण्याचे कारण आम्हीच बटण दाबून द्यायचे असते. बरेच जण ‘इतर’ दाबतात. हे योग्य आहे का? — एक कामगार

उत्तर : आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि व्यवस्थापनानेही तो आपलाच मानावा, असे मला वाटते. ‘इतर’चा आकडा वाढू लागला की नोंदींवरचा विश्वास उडाला आहे, असे समजावे. खरे कारण दिल्याने पैसे कापले जाणार असतील तर माणूस ते देत नाही, आणि मग यंत्राच्या खऱ्या दुखण्याची माहिती कोणालाच मिळत नाही. तोटा गिरणीचा होतो.

दुसरे असे की नुसती थांबलेली मिनिटे कामगाराचे काम मोजत नाहीत. रिंग फ्रेमच्या खात्यात साधारण ५५ ते ६० टक्के आर्द्रता हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा भाजून काढते, आर्द्रतायंत्र कमी पडले की सूत कोरडे होऊन धागा वारंवार तुटतो, आणि त्या पाळीला उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर ती मिनिटे चढतात. आर्द्रतेची नोंद गिरणीत असतेच, पण ती सहसा युटिलिटी विभागाच्या संगणकात पडून राहते. थांबण्याची नोंद आणि आर्द्रतेची नोंद एकाच वेळेवर शेजारी ठेवल्याशिवाय बोनसचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावाशी जोडलेली अशी डिजिटल नोंद ही आपली वैयक्तिक माहिती आहे, आणि तिच्या संरक्षणासाठी २०२३ चा स्वतंत्र कायदा झाला आहे. तरी आधी बोलणीच करावीत. कामगार प्रतिनिधींमार्फत लेखी मागावे : पडद्यावर नावाऐवजी यंत्राचा क्रमांक असावा, आपल्या नावावरची नोंद आपल्याला पाहता यावी आणि चुकीची असल्यास आठवड्याच्या आत दुरुस्त करून घेता यावी, कोणी नोंद बदलली तर जुना आकडा, बदलणाऱ्याचे नाव आणि वेळ राहावी, आणि बटणांवरची कारणे कामगारांसोबत बसून ठरवावीत. पाळीवर सगळे अहिराणीत बोलतात आणि पडद्यावर ‘लो आरएच’ (आर्द्रता कमी) असे लिहिलेले असते. तेथे ‘हवा कोरडी’ असे बटण असते तर कितीतरी जणांनी ‘इतर’ सोडून तेच दाबले असते. अर्जासोबत एप्रिलमधील एखाद्या दुपारपाळीची आर्द्रता आणि त्याच पाळीत धागे तुटल्याची नोंद, तासागणिक, एकाच कागदावर उतरवून जोडा.