बोलेल की! पण कधीपर्यंत थांबायचं?

प्रश्न : मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. आई, बाबा, भूभू असे जेमतेम पंधरा शब्द बोलतो. बाकी सगळं बोट दाखवून मागतो. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही तिसऱ्या वर्षी बोलले. घरी मराठी, पाळणाघरात हिंदी, म्हणून गोंधळतो का? थांबावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबू नका. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण ५० शब्द असावेत आणि ‘बाबा गेला’, ‘दूदू दे’ अशी जोडणी त्याने स्वतःहून करावी. बाबा उशिरा बोलले, हे तर तपासणीचं आणखी एक कारण. असा उशीर घराण्यात चालतो.

दोन भाषांचा यात दोष नाही. मात्र आठवडाभर शब्द लिहून काढताना पाळणाघरातले हिंदी शब्दही धरा. दर वेळी पाण्यालाच ‘मम्’ म्हणत असेल, तर तोही शब्दच.

मग समज पाहा. हात किंवा नजर न वळवता सांगा, ‘बाबांची चप्पल आण.’ बाहेर निघताना नव्हे, एरवी. निघण्याच्या गडबडीत मूल प्रसंगावरून ओळखतं आणि घरच्यांना वाटतं, याला सगळं कळतं! समजही कमी असेल, तर काळजी अधिक.

पहिली तपासणी कानांची. दार आपटल्यावर दचकतो म्हणजे नीट ऐकतो, असं नाही. मोठा आवाज पोचतो, पण ‘स’, ‘श’सारखे बारीक ध्वनी निसटू शकतात. जन्मानंतरची चाचणी ठीक असली तरी वरचेवर सर्दी झाल्यास कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) ओएई (आतल्या कानाची चाचणी), टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का, हे पाहणारी) आणि गरज पडल्यास झोपेत बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का, हे पाहणारी) होते. नंतर स्पीच थेरपिस्ट. मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणाऱ्या सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.

जिभेखालचा पडदा कापल्याने शब्द वाढत नाहीत. त्या सल्ल्याच्या नादी लागू नका.

घरी ‘पाणी म्हण, मगच देईन’ बंद. तो ‘गाडी’ म्हणाला की तुम्ही ‘लाल गाडी’, ‘गाडी गेली’ म्हणा आणि पाच-दहा सेकंद गप्प राहा. हे गप्प राहणंच जमत नाही बहुतेकांना.

बोट दाखवतो, ही जमेची बाजू. पण येत असलेले शब्द गेले किंवा नावाला ओ देईनासा झाला, तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : चार वर्षांची मुलगी ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘राम’ला ‘लाम’ म्हणते.

उत्तर : ‘लाम’ राहू द्या, ‘र’, ‘ळ’ उशिरा येतात. ‘ताता’ मात्र आतापर्यंत जायला हवं होतं. त्यासाठी स्पीच थेरपिस्टला भेटा.