खाणवाले आणि पक्षीवाले एकत्र?

प्रश्न : आमच्या शेताशेजारची दगडखाण बंद पडलीय, तळात पाणी साठलंय. परदेशात म्हणे खाण कंपन्या पक्षीसंस्थांबरोबर काम करतात. खरंय की नुसती जाहिरात? (एक वाचक, करवीर)

उत्तर : थोडी जाहिरात असतेच ओ, पण काम पण होतं. इंग्लंडात केंब्रिजशायरला ऊझ फेन म्हणून जागा आहे, तिथं हॅन्सन कंपनी (२०२३ पासून नाव हायडलबर्ग मटेरियल्स) वाळू-खडी काढते आणि संपलेला भाग टप्प्याटप्प्यानं आरएसपीबी या पक्षीसंस्थेकडं देते, एकूण साधारण ७०० हेक्टरचा बेत, आता तिथं पाणथळीतल्या उंच गवतात बिटर्न हा लाजरा बगळा घरटी करतोय. म्हणजे खाण चालू असतानाच प्लॅन ठरलेला.

आपल्याकडं खाण म्हटलं की कोल्हापुरातल्या इराणी खणीतलं गणपती विसर्जन आठवतं, बाकी कोण बघतंय! तुमच्या खाणीत कचरा, राडारोडा टाकू देऊ नका एवढं आधी बघा. एका बाजूचा काठ उतरता ठेवा, उभा कडा मात्र तसाच राहू दे, शृंगी घुबड अशाच कपारीत अंडी घालतं. पोरांसाठी कुंपण पाहिजेच.

आणि सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या, बॉक्साइट खाणीला हे लागू नाही हं, झाडं लावून तिथली फुलं परत येत नाहीत.