एकांकिका बसवण्याचा अनुभव आहे, पहिला लघुपट करायचा आहे. काय बदलावं लागेल?

तालमीची सवय अजिबात सोडू नका, तीच तुमची पुंजी आहे. बदलायची ती बघण्याची जागा.

रंगमंचावर प्रेक्षकाला सगळं एकदम दिसतं. त्याची नजर कुठे जावी हे आपण हालचाली, प्रकाश आणि माणसांच्या रचनेतून ठरवतो. जब्बार पटेलांनी बसवलेल्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकात (१९७२) ब्राह्मणांची रांगच पडदा होते. पुढे त्यांच्याच 'सामना' या चित्रपटात नजर वळवायचं काम निळू फुले आणि श्रीराम लागू यांचे चेहरे करतात. कॅमेरा किती जवळ न्यायचा, हीच तिथली रचना.

नाटकवाल्याचा फसलेला पहिला शॉट लगेच ओळखू येतो: पात्रं एका ओळीत उभी आणि कॅमेरा पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसल्यासारखा. हालचाली डावी-उजवीकडे न बसवता कॅमेऱ्याकडे येणाऱ्या आणि त्याच्यापासून दूर जाणाऱ्या बसवा. दोघं बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेघ कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. ती ओलांडली तर क्लोजअप जोडताना दोघं एकाच दिशेला बघताहेत असं वाटतं.

सगळ्यात मोठा फटका अभिनयाच्या आलेखाला बसतो. नाटकात नट प्रवेशागणिक चढत जातो. शूटिंगमध्ये एका जागेचे सगळे सीन एकदम उरकतात, म्हणून शेवटचं भांडण सकाळी आणि पहिली भेट दुपारी. वहीत प्रत्येक सीनपुढे तीन रकाने आखा: आधी काय घडलं, पात्राला त्यातलं काय माहीत आहे, राग किंवा भीती दहापैकी किती. शॉटआधी नटाला तेवढंच वाचून दाखवा. आवाजाची फेक उतरवायला 'कमी कर' म्हणू नका, नट आतूनही विझतो. 'समोरचा दोन फुटांवर आहे, त्याच्याशीच बोल' असं सांगा.

संवाद संपताच कट म्हणू नका, तीन-चार सेकंद जाऊ द्या. क्लोजअपमध्ये संवाद एकमेकांवर चढले तर एडिटिंगला वेगळे करता येत नाहीत. आणि प्रत्येक जागी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, नाहीतर शॉटच्या जोडावर आवाज उडी मारतो.

नाटक सोडायची तर मुळीच गरज नाही. 'सामना'नंतरही पटेलांनी १९७८ मध्ये थिएटर अकॅडमी या पुण्याच्या नाट्यसंस्थेसाठी पु. लं.चा 'तीन पैशाचा तमाशा' बसवला.

दहा मिनिटांच्या लघुपटासाठी निदान चार तालमी प्रत्यक्ष जागेवर घ्या, फोनवर चित्रित करून. खांब, खिडकीचा उजेड, शेजारचा पंप, सगळं तेव्हाच कळतं.