स्मार्ट मीटर बसला की लाईट जायची थांबेल का?

तुम्ही विचारलंय, देशाचा ग्रिड (वीज केंद्रांपासून घरापर्यंतचं तारांचं जाळं) स्मार्ट करतायत म्हणजे नक्की काय करतायत, आणि घरात स्मार्ट मीटर (रीडिंग आपणहून कंपनीला कळवणारा) आला की लाईट जायची थांबेल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही थांबणार. मीटर वीज मोजतो, आणत नाही. फार तर लाईट गेल्याचं तुम्ही फोन करायच्या आधी कंपनीला कळेल, तेही तो निरोप कुणी बघत असेल तर.

मी इंजिनिअर नाही. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं मोटर वाइंडिंगचं (जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं) दुकान आहे, बावीस वर्षं झाली. ग्रिडची तब्येत मला जळक्या मोटरीतून कळते. मोटर उघडली आणि सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या दिसल्या, तर व्होल्टेज पडलेलं असतं किंवा पंपावर लोड जास्त झालेला असतो. शेतीच्या मोटरीला वीज तीन तारांनी येते, एकेक तार म्हणजे एक फेज. पण स्टार जोडणीच्या (तिन्ही कॉइलची एकेक टोकं एकत्र बांधलेल्या) मोटरीत दोन फेजच्या कॉइलचा कोळसा आणि तिसरी नव्यासारखी, वार्निशसुद्धा शाबूत, असं दिसलं की समजायचं, एक फेज मध्येच तुटला आणि मोटर उरलेल्या दोघांवर रडतखडत फिरत राहिली. उन्हाळ्यात माझ्याकडे हा दुसरा प्रकारच जास्त येतो. नंदगडकडचे एक शेतकरी एका मोसमात तीच पाच एचपीची मोटर तीनदा घेऊन आले. तिसऱ्यांदा म्हणाले, "मिस्त्री, तुमची तारच कच्ची हाय." तेव्हा मी त्यांच्या टीसीवर जाऊन बघून आलो. (टीसी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पलीकडे कोल्हापूरला त्यालाच डीपी म्हणतात.) दोन फेजना फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली, तिसऱ्याला केसासारखी बारीक. कुणी गुंडाळली ते विचारलं नाही. अशा ठिकाणी विचारायचं नसतं.

गंमत म्हणजे वरच्या टोकाला ग्रिड कधीच हुशार झालाय. 30 आणि 31 जुलै 2012 आठवतो का? दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही ग्रिड एकदम बसले, साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. आपल्याकडे पंखे फिरत होते, कारण दक्षिणेचा ग्रिड तेव्हा बाकीच्या देशाशी एका तालात जोडलेलाच नव्हता. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर या 765 केव्हीच्या लाईनने तो जोडला गेला. त्याआधी महाराष्ट्रातल्या कागलची मोटर आणि आमच्या कर्नाटकातल्या कोगनोळीची मोटर, मध्ये फक्त दूधगंगेचा पूल, तरी दोघींची फ्रिक्वेन्सी वेगळी! सीमाप्रश्नाचं व्हायचं ते होवो, विजेच्या बाबतीत आम्ही आणि महाराष्ट्र तेव्हापासून एकाच ठोक्यावर चालतोय.

तो ठोका, म्हणजेच फ्रिक्वेन्सी, 50 हर्ट्झ: करंट सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होतो. वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली की तो खाली येतो, उलट झालं की वर जातो. वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही, त्यामुळे हा तोल क्षणाक्षणाला राखावा लागतो. दक्षिणेसाठी हे काम बंगळूरच्या नियंत्रण केंद्रातून चालतं, पश्चिमेसाठी मुंबईच्या, आणि सगळ्यांच्या वर दिल्ली. 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊला लोकांनी नऊ मिनिटं दिवे मालवले तेव्हा देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने कोसळली आणि नऊ मिनिटांनी परत चढली. जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती पटापट खाली-वर करून ते सांभाळलं. आता तर मोठ्या उपकेंद्रांवर अशी यंत्रं आहेत जी लाईनची अवस्था सेकंदाला 25 वेळा मोजून कळवतात. ही हुशारी हौसेखातर आलेली नाही. पूर्वी कोळसा आणि धरणं होती, सांगितलं की वीज वाढायची. आता सौंदत्तीच्या पवनचक्क्या वाऱ्याच्या मर्जीवर, पावगडचं 2050 मेगावॅटचं सौर पार्क उन्हाच्या, आणि साखर कारखान्यांची बगॅसवरची (उसाच्या चोथ्यावरची) वीज गळीत हंगामापुरती.

अंधार आहे तो खाली, उपकेंद्रातून 11 केव्हीचा फीडर (गावांकडे वीज नेणारी लाईन) बाहेर पडला की पुढे. आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात झाड पडून फीडर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. कुठे पडलं? कुणालाच ठाऊक नाही. लाइनमन डोक्यावर इरलं घेऊन जंगलातून निघतो, मधल्या खांबावरचा स्विच उघडतो, फोन करून अलीकडची लाईन चार्ज करायला सांगतो. टिकली तर बिघाड पुढे, ट्रिप झाली तर मागे. मग उरलेल्याच्या पुन्हा मध्यावर. असं अर्धं अर्धं करत तो झाडापर्यंत पोचतो, तोवर रात्र झालेली असते. याच लाईनवर दर थोड्या अंतराला बिघाड दाखवणारा दिवा आणि मोबाईलवर निरोप देणारं यंत्र बसवलं, तर त्या माणसाला सरळ त्या दोन खांबांमध्ये जाता येईल. मला कुणी विचारलं तर मी स्मार्ट ग्रिडचा पहिला पैसा इथे घालीन, आणि दुसरा टीसीवर: तिन्ही फेजचा लोड आणि तेलाचं तापमान कळवणारा मीटर. एक फेज उडाला की ऑफिसात लाल दिवा लागायला हवा, माझ्या दुकानात मोटर येऊन पोचायच्या आत.

टीसीवरच्या मीटरचा आणखी एक फायदा आहे. कर्नाटकात 10 एचपीपर्यंतच्या आयपी सेटला (शेतीपंपाला) वीज फुकट, आणि बहुतेकांना मीटर नाही. मग शेतीला किती गेली, तारेत किती मुरली आणि आकडे टाकून किती पळाली, हे अंदाजानेच ठरतं. या हिशेबात शेतकरी फुकटचा बदनाम होतो. टीसीवर मोजलं तर निदान गावागावाचा खरा आकडा तरी निघेल.

घरच्या मीटरचं थोडक्यात. बिल वाढण्याची भीती सगळीच खोटी नाही. जुना चकतीचा मीटर झिजून हळू फिरत असेल तर नवा खरं ते दाखवेल आणि ते जास्त वाटेल. मंजूर लोडपेक्षा तुम्ही जास्त ओढता हेही नव्यात लपत नाही. पण गृहज्योतीत (कर्नाटकातली घरच्या फुकट विजेची योजना) 200 युनिटची रेघ ओलांडली की पूर्ण बिल येतं, त्यामुळे रोजचे युनिट बघता येणं आमच्यासारख्यांना कामाचंच. बदलताना जुन्याच्या शेवटच्या आणि नव्याच्या पहिल्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा.

नंदगडच्या त्या टीसीचं सांगायचं राहिलं. 63 केव्हीएचा टीसी, त्यावर पाच एचपीचे बारा पंप. थ्री फेज ठरावीक तासच येतो, म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो (मोटर आपोआप सुरू करणारं यंत्र) लावलेला. करंट आला की बारा मोटरी एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या सहापट करंट ओढते. फ्यूज उडेल नाहीतर काय होईल? मी सुचवलं, ऑटोला टायमर बसवा, पहिल्याचा एक मिनिटाचा, दुसऱ्याचा दोन, असं बारापर्यंत, आणि प्रत्येकाने सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) लावा. अकरा जण तयार झाले. फ्यूज उडणं बरंच कमी झालंय, मोटरीही कमी येतात, माझा धंदा तेवढा बसला. बाराव्याचा क्रमांक शेवटचा लागला, त्याने अजून टायमर लावू दिलेला नाही. त्याचं म्हणणं एकच, "बारा मिनिटं माझ्या उसानं काय म्हणून थांबायचं?"